रिलीव्हर येईपर्यंत

"या सहलीत चुकायला जागाच नाही!" असं नेव्हिल बॅरक्लफने जाहीर केलं, तेव्हाच खरं तर ब्रेन्डाने गाडी वळवून घरी न्यायला हवी होती.

पण समोर धुकं होतं, रस्त्यावर ओल्या पानांचा चिखल होता, आणि शेजारी नेव्हिल मांडीवर वेळापत्रक पसरून बसला होता. वेळापत्रक म्हणजे साधंसुधं नव्हे. एकेचाळीस वर्षं रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलमन म्हणून काढलेल्या माणसाचं वेळापत्रक! पोचायच्या वेळा निळ्या शाईत, सुटायच्या लाल शाईत आणि बाथरूमच्या हिरव्या शाईत. एकला दहा कमी असताना हॉलिंगवेल हॉल. तीनला तिथून सुटायचं. सव्वातीनला स्कारबेकचा मठ. चारला प्रार्थना.

'चारला प्रार्थना' या शब्दांखाली मात्र दोन रेघा होत्या. दुसरी रेघ मारताना कागद फाटला होता.

तारीख होती दोन नोव्हेंबर. त्या दिवशी स्कारबेकच्या मठात वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जातात. एकेक नाव, सावकाश, मोठ्याने. नेव्हिलची बायको मॉरीन मार्चमध्ये गेली होती. सेहेचाळीस वर्षांचा संसार. ते नाव एकदा देवाच्या घरात कुणीतरी खणखणीत उच्चारलेलं ऐकावं, एवढंच त्याला या चार दिवसांच्या सहलीतून हवं होतं. बाकीच्या निळ्या-लाल शाईला तसा काही अर्थ नव्हता.

सहल मुळात मॉरीनचीच. दर शरद ऋतूत, पानं गळायला लागली की तिला जुने वाडे आणि मोडके मठ बघायची हुक्की यायची. नेव्हिल तिला गाडीने न्यायचा. पण आत? छे! तो गाडीतच बसायचा. मांडीवर वर्तमानपत्र, काचेवर पाऊस. दोन तासांनी मॉरीन परत यायची, ओले बूट, केसांत गळलेली पानं, अंगाला लाकडाच्या पॉलिशचा वास. मग अंड्याचं सँडविच खाता खाता ती त्याला खोली न् खोली सांगायची, आणि तो वर्तमानपत्रामागून म्हणायचा, "हं."

सेहेचाळीस वर्षांचे 'हं'! एकावर एक रचले असते तर मठाचं पडलेलं छप्पर पुन्हा उभं राहिलं असतं.

ही सहलही तिनेच गेल्या वर्षी ठरवून ठेवली होती. मार्चपासून नेव्हिलने गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नव्हता, म्हणून मॉरीनची थोरली बहीण ब्रेन्डा चालवायला आली. ब्रेन्डा म्हणजे मनाने लोणी आणि जिभेने किसणी!

"नाव नीट लिहिलंस ना काल?" तिने विचारलं.

"लिहिलं."

"चष्मा नव्हता तुझ्याजवळ."

"मॉरीनचं नाव लिहायला मला चष्मा लागतो होय!"

काल संध्याकाळी पोचल्या पोचल्या दोघं मठात गेली होती. स्कारबेकच्या मठाचं निम्मं छप्पर पाचशे वर्षांपूर्वी गेलं. तिकडे आता मेंढ्या असतात. निम्म्या भागावर छप्पर आहे; तिकडे माणसं असतात. दाराशी एका टेबलावर कागद मांडलेले होते आणि दोरीला बांधलेलं पेन होतं. चष्मा गाडीत, आणि आत अंधार तर असा की घुबडाने काठी मागावी. नेव्हिलने एक कागद नाकाशी धरला. रेघा होत्या, वर दोनच नावं होती, खाली ओळी मोकळ्या. पहिल्या मोकळ्या ओळीत त्याने रेल्वेच्या वळणदार अक्षरात लिहिलं, मॉरीन बॅरक्लफ.

"दोनच नावं आहेत," तो बाहेर येऊन ब्रेन्डाला म्हणाला होता. "या गावात माणसं फारशी मरत नाहीत वाटतं."

"हवा चांगली आहे," ब्रेन्डा म्हणाली होती. आणि विषय तिथेच संपला होता.

तर एकला दहा कमी असताना, वेळापत्रकाबरहुकूम, गाडी हॉलिंगवेल हॉलच्या आवारात थांबली. सवयीने नेव्हिलने वर्तमानपत्र उघडलं.

"काय करतोस रे?" ब्रेन्डा म्हणाली.

"अं? काही नाही." त्याने घडी घातली. पहिल्यांदाच उतरायचं होतं ना! दाराचा खटका सापडायला त्याला थोडा वेळ लागला.

"मी आधी चहाच्या खोलीत जाणार," ब्रेन्डाने सांगितलं. "माझ्या गुडघ्यांना जिने बघायची हौस नाही. तीनला फाटकाशी भेट. आणि तू दिसला नाहीस तर?"

इथे आपल्या नेव्हिलने दिवसातली दुसरी बढाई मारली. "मी दिसलो नाही तर खुशाल समज, मी शेतातून चालत पुढे मठात गेलोय. एकेचाळीस वर्षांत मी एकदाही उशिरा पोचलेलो नाही!"

मोबाइल त्याने गाडीच्या कप्प्यात बंद करून ठेवला. बॅटरी वाचावी म्हणून.

हॉलिंगवेल हॉल बाहेरून जेवढा मोठा, तेवढाच आतून थंड. जिने चढून नेव्हिल वरच्या राजशय्येच्या दालनात पोचला, तोवर त्याच्या पायांचे तुकडे पडायचे बाकी होते. दालनात खुर्च्या सात. सातही खुर्च्यांवर एकेक वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं. जुन्या हवेल्यांतली ही रीतच. 'इथे बसू नये' असं लिहिणं उद्धटपणाचं दिसतं, म्हणून सभ्यपणे काटे ठेवायचे! पण दाराजवळ एक आठवी खुर्ची होती, साधी, लाकडी, आणि तिच्यावर बोंड नव्हतं. बोंड नाही त्या अर्थी बसायला हरकत नाही. नेव्हिल बसला. घड्याळात एक वाजून तीस मिनिटं.

एक वाजून एकतीस मिनिटांनी पडद्यामागून पांढऱ्या केसांच्या एक बाई प्रकट झाल्या.

"आलात! देव पावला!"

"मी..."

"दोनची पाळी आणि तुम्ही दीडलाच हजर! नाहीतर तो गॉर्डन. दोन म्हणजे त्याचे अडीच. मी पामेला. चार तास झाले हो, एकटी बसलेय, दोन माणसं आली, त्यातल्या एकाने संडास कुठे विचारलं. हा घ्या टॉर्च. ही घ्या माहितीची वही. आणि ही शाल राहू दे, इथला वारा चारशे वर्षांपूर्वी शिरलाय तो अजून बाहेर पडलेला नाही."

बाईंनी जांभळी शाल त्याच्या खांद्यावर टाकली, बिल्ला त्याच्या कोटाला टोचला आणि वही उघडून पुढे धरली. "इथे सही."

आता कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, बाई, मी पाहुणा, सहज टेकलो होतो. नेव्हिलही म्हणणार होता. शपथेवर! पण त्याची नजर पानावर गेली. रकाने होते. वेळ. नाव. चार्ज दिला. चार्ज घेतला. पामेलाबाईंनी 'चार्ज दिला'खाली सही केली होती आणि शेजारचा रकाना कोरा, उघडा, बेवारशी पडला होता.

एकेचाळीस वर्षं! रोजची तीन पाळ्यांतली एक, हिमवर्षावात, तापात, पोराच्या बारशाच्या दिवशीसुद्धा, त्या हाताने एकच गोष्ट केली होती. हाताने डोक्याला विचारलंच नाही. '१३.३१. चार्ज घेतला. एन. बॅरक्लफ.'

सही झाली आणि माणूस गुंतला!

तुम्ही म्हणाल, उठून जायचं. अहो, जाणार कसं? केबिनमधला पहिला नियम, आणि शेवटचाही तोच: रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आग लागो, पूर येवो, रिलीव्हर येऊन सही करेपर्यंत तू हलायचं नाहीस. एकदा त्याचा रिलीव्हर बर्फात अडकला, तर नेव्हिल सलग छत्तीस तास केबिनमध्ये होता आणि मॉरीन गुडघाभर बर्फातून फळांचा केक घेऊन आली होती. तेव्हा तो असा एका सहीचा माणूस होता. हरकत नाही, त्याने मनाशी हिशेब केला. दोनला तो गॉर्डन येईल. त्याला चार्ज देऊ. तीनला फाटकाशी. चारला प्रार्थना.

दोनला, आज चक्क दोनला, गॉर्डन आला. म्हणजे त्याचं डोकं आलं. दारातून डोकावलं, भरलेली खुर्ची बघितली, जांभळी शाल बघितली, आणि त्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला जसा शाळेला अवचित सुट्टी मिळाल्यावर पसरतो.

"नवीन वाटतं? झकास!" अंगठा दाखवून गॉर्डन गुल.

"अहो! ऐका! सही!" नेव्हिल ओरडला. पण जिन्यावरून पावलं धाडधाड खाली गेली. त्या पावलांना त्या दुपारी रग्बीचा सामना बघायचा होता.

नेव्हिलचा चेहरा गळक्या छत्रीसारखा उतरला. बाहेर पाऊस धरला होता. खिडकीतून दूरवर, दोन शेतांपलीकडे, मठाच्या मोडक्या कमानी दिसत होत्या. एक मैल. फार तर सव्वा.

"अहो, ही बाई कोण हो?" पाठीमागून आवाज आला.

एक जोडपं होतं. नवऱ्याच्या अंगावर पावसाळी कोट, बायकोच्या हातात माहितीपत्रक. भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट.

नेव्हिलने वही चाळली. चष्मा? गाडीत! मुंग्यांची रांग दिसत होती नुसती. खोटं बोलणं त्याला जमत नसे. लहानपणापासून चर्चच्या गायकवृंदात वाढलेला माणूस तो. आणि मग, कुठून कोण जाणे, कानाशी पावसाचा टपटप आवाज आला, अंड्याच्या सँडविचचा वास आला, आणि त्याच्या तोंडातून शब्द बाहेर पडले.

"मॉरीन म्हणते, ही इथली मालकीण. पाहुणे मंगळवारपर्यंत राहणार असं नुकतंच कळल्यावर होतो, तसा चेहरा आहे बघा."

जोडप्याने तसबिरीकडे बघितलं. खरंच की! बायको फिसकन हसली. "अगदी माझ्या सासूबाई!"

"आणि हा पलंग?" नवऱ्याने घाईघाईने विचारलं.

"राजा येणार म्हणून केला. राजा आलाच नाही. तीन वर्षं रोज चादर बदलत होते." नेव्हिल थबकला. पुढचं वाक्यही येत होतं, वर्तमानपत्राच्या कडेवरून डोकावल्यासारखं. "मॉरीन म्हणते, त्या बाईला राजाची पर्वा नव्हती. तीन वर्षांत नवऱ्याने चादरीचं एक टोक तरी धरावं, एवढीच आशा होती."

आता नवराही हसला, पण जरा जपून.

"मॉरीन कोण?" बायकोने विचारलं.

नेव्हिलने खांद्यावरची शाल सारखी केली. "मॉरीन... इथली जाणकार," तो म्हणाला.

हे खोटं नव्हतं.

त्या जोडप्याने खाली जाऊन काय सांगितलं देव जाणे! पंधरा मिनिटांत दालनात दहा माणसं होती. अर्ध्या तासात पंचवीस. पावसाने बाग बंद, चहाच्या खोलीत जागा नाही, लोक जाणार कुठे? "हे घड्याळ बंद का?" "मॉरीन काय म्हणते?" "या लाकडी कुत्र्याला पाच पाय का?" "मॉरीनला विचारा!" नेव्हिल बोलत होता, आणि स्वतःच थक्क होत होता. त्याला वाटलं होतं, सेहेचाळीस वर्षं आपण वर्तमानपत्र वाचलं. आता त्यातली एकही बातमी आठवेना. आणि हिचं मात्र सगळं, घड्याळापासून कुत्र्याच्या पाचव्या पायापर्यंत, आत कुठेतरी घडी करून ठेवलेलं! तो ऐकत होता तर. तिला मात्र ते कधी कळलं नाही. याच आवारात, याच पावसात, ती विचारायची, "ऐकतोयस ना रे?" आणि तो म्हणायचा, "हं."

त्याने एकदा खिडकीबाहेर बघितलं. कमानी धुक्यात विरायला लागल्या होत्या.

पावणेतीनला त्याने शेकोटीची गोष्ट सांगितली. मठ मोडला तेव्हा त्याचे दगड गाड्या भरभरून इथे आणले, ही शेकोटी त्याच दगडांची. "मॉरीन म्हणते, साधूंनी चारशे वर्षं त्या दगडांसमोर भजनं गायली. ती मुरलीत त्यात. दगड जरा तापले की अजून गुणगुणतात."

बस्स! पुढच्या क्षणी पंचविसांतली अकरा माणसं शेकोटीला कान लावून उभी. कुणी उकिडवं बसलेलं, कुणी टाचा उंचावलेल्या. पावसाळी कोटवाल्याने तर डोकं धुराड्यातच घातलं. आणि नेमक्या त्याच वेळी हॉलच्या व्यवस्थापक फिलिपाबाई दारात!

"काय चाललंय?"

"श्श!" अकरा जणांनी एकदम म्हटलं.

फिलिपाबाईंनी नेव्हिलला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. चिखलाचे बूट, जांभळी शाल, बिल्ला. नेव्हिल उठून ताठ उभा राहिला.

"मॅडम, मला तीनला सुटायलाच हवं. रिलीव्हर आलेला नाही."

"सुटायला? अहो, सहा वर्षांत या दालनात एवढी माणसं मी पाहिली नाहीत! तुम्हाला सोडून कसं चालेल?"

"मॅडम, चारला मठात माझ्या बायकोचं..." इथे त्याचा आवाज फुटला. भर गर्दीत! नेव्हिलसारख्यांना एक वेळ दात काढून घेणं परवडेल, पण चारचौघांत रडणं नाही. त्याने घाईने वाक्य बदललं. "माझ्या बायकोचं थोडं काम आहे."

"अस्सं! पाठवते हं कुणाला तरी. पाच मिनिटांत!" फिलिपाबाई म्हणाल्या आणि गेल्या.

पाच मिनिटांत कुणी आलं नाही. दहा मिनिटांत नाही. तीन वाजले. तीन वाजून दहा मिनिटांनी खाली फाटकाशी एक गाडी सुरू झालेली त्याने खिडकीतून बघितली. ब्रेन्डाची! तिने दहा मिनिटं वाट पाहिली आणि म्हटलं असणार, गेला वाटतं शेतातून, एकेचाळीस वर्षांत कधी उशीर केला नाही म्हणे. नेव्हिलने काचेवर थापा मारल्या. शाल फडकवली. टॉर्चने तांबडा सिग्नल द्यायचा प्रयत्न केला, पण टॉर्च पांढरा होता. गाडी वळली आणि पानांच्या पिवळ्या चिखलातून दिसेनाशी झाली.

फिलिपाबाई परत आल्या त्या साडेतीनला, हॉल बंद झाल्याची घंटा वाजल्यावर. "अय्या, तुम्ही अजून इथेच!" आता पडदे ओढायचे. आता दिवे मालवायचे. आता खुर्च्यांवरची बोंडं मोजायची.

"सात हवीत," फिलिपाबाई म्हणाल्या.

"सहा आहेत," नेव्हिल म्हणाला.

"सातच असतात. सातवं कुणी खिशात घालून नेलं की काय?"

पलंगाखाली बघितलं. शेकोटीत बघितलं. पाच पायांच्या कुत्र्यामागे बघितलं. चारला पंधरा कमी! नेव्हिलने पुन्हा पलंगाखाली बघितलं. गाडी सिग्नलला उभी आहे, शिट्टी देतेय, आणि आपल्याला खटका सापडत नाहीये, असं स्वप्न त्याला निवृत्तीनंतर बरीच वर्षं पडायचं. ते आता जागेपणी चाललं होतं.

"मॅडम, सही!" तो जवळजवळ किंचाळला. फिलिपाबाईंनी दचकून सही केली. '१५.४८. चार्ज घेतला.' आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा नेव्हिल बॅरक्लफ जांभळी शाल उडवत जिन्यावरून निघाला!

पहिलं शेत उताराचं होतं, ते त्याने पार केलं. म्हणजे निम्मं पायांनी, निम्मं पोटावरून घसरत. दुसऱ्या शेतात मेंढ्या होत्या. त्यांना वाटलं चारा आला. शंभर मेंढ्या मागे आणि हा पुढे! डावा बूट चिखलाने मागितला, तो देऊन टाकला. अंधारत होतं. मठातली घंटा कधीच थांबली होती, आणि धुक्यातून गाण्याचे सूर यायला लागले होते. धर्मगीत सुरू झालं. म्हणजे सुरुवात झाली. तो धावताना पुटपुटत होता, "देवा, यादी मोठी असू दे. देवा, या वर्षी पुष्कळ..." मग स्वतःच्या प्रार्थनेचा अर्थ ध्यानात येऊन त्याने जीभ चावली.

तो मागच्या दाराने आत शिरला तेव्हा पाद्रीबाई रेव्हरंड ऑड्री वाचत होत्या. "...एनिड मॉसक्रॉप. सिरिल हेब्डन." आणि त्यांनी कागद खाली ठेवला.

संपलं.

साठ माणसं मान खाली घालून बसली होती. मौन सुरू झालं होतं. मेणबत्त्यांची ज्योतसुद्धा हलत नव्हती. नेव्हिल एका बुटावर, एका मोज्यावर, ब्रेन्डाजवळ पोचला आणि बाकावर टेकला.

"आईऽऽ गंऽऽ!"

कमानी दुमदुमल्या. पलीकडच्या छप्पर नसलेल्या भागातून एक मेंढी ओरडली. नेव्हिल उभा होता, दोन्ही हात मागे. हॉलिंगवेल हॉलचं सातवं बोंड सापडलं होतं! कोटाच्या शेपटाला चिकटून ते त्याच्याबरोबर सव्वा मैल धावत आलं होतं.

साठ माना वळल्या आणि साठ चेहरे कळवळले. बिचारा! किती ताजं दुःख! रेव्हरंड ऑड्री यांनी छातीशी हात नेला.

"होतास कुठे?" ब्रेन्डा दातांतून पुटपुटली. डोळे लाल होते तिचे. "आणि ही शाल कुणाची? नाव लिहिलंस म्हणालास ना रे?"

"का?"

"वाचलं नाही त्यांनी. एकेचाळीस नावं मोजली मी बोटांवर. तिचं नव्हतं."

नेव्हिल हळूच बसला. या खेपेला काही टोचलं नाही. मेंढ्यांनी तुडवल्यासारखं अंग होऊन गेलं होतं. उशीर झाला हे त्याला सोसलं असतं. पण नावच नाही! वाचून गेलं आणि आपण नव्हतो, एवढंही नाही. मुळात तिला कुणी हाक मारलीच नाही.

गायकवृंद उठला. दहा-बाराच माणसं, त्यातली निम्मी म्हातारी. पण काय गायले! देवाघरी गेलेल्यांना शांती दे, एवढंच मागणं, तेच तेच पद, एकदा खालच्या सुरात, एकदा वरच्या. चांगल्या कीर्तनात एखादं चरण घोळून घोळून म्हणतात आणि दर वेळी ते नव्याने काळजाला लागतं, तसं. छप्पर असलेल्या भागातून ते छप्पर नसलेल्या भागात गेलं आणि तिथून वर. नेव्हिलने डोळे मिटले. दगड गुणगुणतात असं ती म्हणायची. आज तिला सांगता आलं असतं, "खरंच गं."

गाणं संपलं. रेव्हरंड ऑड्री यांनी नाक पुसलं, चष्मा लावला आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "आता सूचना. पानं झाडायला शनिवारी दहा वाजता यावं, आपापला झाडू आणावा. आणि प्रार्थनेनंतर मागे चहा आहे. आज चहा करणार आहेत..." त्यांनी टेबलावरचा दुसरा कागद जवळ घेतला. "अरे वा, नवीन नाव! किती सुरेख अक्षर. मॉरीन बॅरक्लफ!"

ब्रेन्डाने नेव्हिलचं मनगट धरलं. हाड मोडेल इतकं घट्ट.

"मॉरीन, उभ्या राहता का जरा? सगळ्यांना बघू दे तुम्हाला."

साठ माणसं हसतमुखाने इकडे-तिकडे बघू लागली. कोण ही मॉरीन? कुठेय?

"मॉरीन?" पाद्रीबाईंनी पुन्हा हाक मारली, अंमळ मोठ्याने. "लाजू नका हं! मॉरीन बॅरक्लफ?"

तीनदा! बाकीच्यांची एकेकदा घेतली होती. आणि त्या नावांच्या वेळी माना खाली होत्या. या नावाला सगळं चर्च मान वर करून तिला शोधत होतं.

कुणीच उठेना. चहा करायची पाळी, आणि माणूस नाही! खुर्ची रिकामी, रकाना कोरा.

नेव्हिल उठला. खांद्यावर जांभळी शाल, एका पायात मोजा, कोटाला बिल्ला.

"तिला यायला जमणार नाही," तो म्हणाला. "मी तिचा रिलीव्हर."

पुढचं काय सांगावं! मागच्या खोलीतला पाण्याचा बंब त्याच्यापेक्षा उंच होता, आणि सेहेचाळीस वर्षांत नेव्हिलने घरात चहा एकदाही केला नव्हता. ब्रेन्डा उठायला गेली, पण त्याने हाताने खूण केली, बस. चार्ज माझा. भिंतीवर तो कागद आणून टांगला होता. ब्रेन्डाचा चष्मा डोळ्यांवर चढवून त्याने वरचा 'चहाची पाळी' हा मथळा पहिल्यांदा वाचला, आणि मॉरीनच्या नावापुढे लिहिलं, '१६.५५. चार्ज घेतला. एन. बी.'

मग साठ माणसांच्या चहाला त्याने मोजून सहा पिशव्या घातल्या.

लोक भले. कप तोंडाला लावत, गिळत आणि "वा" म्हणत. कुणी तक्रार केली नाही. फक्त शेवटच्या बाकावरच्या मिस टॉफम, वय वर्षं ब्याण्णव, उंची कपाटाच्या दुसऱ्या फळीइतकी, कप घेऊन नेव्हिलपुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कपात डोकावून बघितलं. कपाचा तळ दिसत होता.

"पाणी छान गरम आहे," त्या म्हणाल्या. "पण राजा, पुढच्या वेळी मात्र तुझ्या बायकोलाच पाठव हं!"

नेव्हिलने बंबाचा नळ बंद केला.

"सांगतो तिला," तो म्हणाला.